झापडांतला पुणेकर

अकोला,
१२ जानेवारी २०२५

प्राजक्ता,

तुझी चिठ्ठी मिळाली. फोन मी आपटला हे खरं आहे. मामाच्या दुकानात मोटर पकडायचा लोखंडी वाईस असतो, त्यावर आपटला. मामा म्हणाला, जळालेली मोटर पुन्हा वाइंडिंग करून देता येते, याचं मात्र काही होत नाही. तू 'ऑनलाइन' दिसत होतीस आणि मला उत्तर देत नव्हतीस. कोणाचंही डोकं फिरलं असतं. आता तू म्हणतेस, भांडायचं तर पत्रात भांड, लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात राग उतरतो. ठीक आहे, लिहितो. राग उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चिठ्ठीतली दुसरी गोष्ट मला पटली नाही. नवा फोन घेण्याऐवजी तो डोळ्यांवर बांधायचा हेडसेट घे, म्हणतेस. कॉम्प्युटर लागत नाही, तार लागत नाही, आता स्वस्तातही मिळतो. प्राजक्ता, मी कॉलेज अर्धवट सोडलं असेल, अक्कल सोडलेली नाही. एखादी मुलगी इतक्या आग्रहानं एखादी वस्तू घ्यायला सांगते तेव्हा मधे तिसरं कोणीतरी असतं. दुकानदार तुले गिऱ्हाईकामागं काही देते काय? आणि तुझ्याकडे तो आला कुठून? पियुषनं दिला ना? तो प्रोजेक्टमधला, गोरा, कॉलर उभी करून फिरणारा?

भेटायचंच असेल तर मी एसटीनं येतो. अकोल्याहून अमरावती काही परदेशात नाही. मग हे भांडं काहून पाहिजे?

वाट पाहणारा आणि चिडलेला,
नितेश

·

अमरावती,
१८ जानेवारी

नितेश,

रागात आलास की तुझं पत्र अकोल्याहून येत नाही, थेट तुझ्या गावाहून, हिवरखेडहून येतं. वाचताना मला आपला वर्ग आठवला. तोंडी परीक्षेत तू सरांना "असं काहून होते ते सांगतो" म्हणालास आणि सर हसले. "काहून नाही, का. आपण इथे इंजिनिअर घडवतो." तू जर्नल त्यांच्या टेबलावर टाकलंस आणि निघालास, तो पार मामाच्या दुकानात जाऊन थांबलास. सरांचं चुकलं होतं, मी तेव्हाही म्हटलं. पण वर्ष तुझं बुडालं, सरांचं नाही.

हेडसेट कॉलेजच्या प्रोजेक्टचा आहे. आमच्या गटाला वापरायला मिळालाय, मे महिन्यात परत करायचा. पियुष फक्त सही करून घेऊन आला. मला कोणी काही देत नाही.

तू विचारलं नाहीस, पण खरं ते सांगते. आधी वाईट ऐक. नाकावर कोणी बसून राहिल्यासारखं ओझं वाटतं. दोन तासांत बॅटरी संपते. पहिल्या दिवशी मला चिखलदऱ्याच्या घाटातल्या एसटीसारखं मळमळलं. चष्मेवाल्यांचे हाल आहेत. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात काचांवर घामाची वाफ धरेल. मोबाइल आत खुपसायचं प्लॅस्टिकचं खोकं मिळतं ते तर घेऊच नकोस, ते खेळणं आहे. आता चांगलं. आपण मान वळवली की ती जागाही वळते. समोरचा माणूस उजवीकडून बोलला तर आवाज उजवीकडूनच येतो. फोनवर तू कानात असतोस, इथे तू शेजारी असशील.

आम्ही काही मराठी मुलंमुली हेडसेटच्या आतल्या एका जागी जमतो, तिला 'गच्ची' म्हणतात. संध्याकाळचं आकाश असतं, कठडा असतो. मी तिथे पिवळ्या कुर्त्यातली बाहुली असते.

आणि एसटीनं येशील तर बसशील कुठे? छत्री तलावावर आपण बसलो होतो, आठवतं? मी घरी पोचायच्या आत बाबांच्या ऑफिसातल्या कोणीतरी चहाबरोबर ती बातमी त्यांना पाजली होती.

प्राजक्ता

·

अकोला,
२४ जानेवारी

प्राजक्ता,

मी घेणार नाही. स्पष्ट लिहितो.

इथे एका दुकानात जाऊन पाहून आलो. विकणाऱ्यानं डोळ्यांवर चढवला. आत एक बाई दिसली, कमरेच्या वर ठीकठाक, खाली काहीच नाही. उलट्या पायाची भुतं ऐकली होती, बिनपायाची पहिल्यांदा पाहिली. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "घाण्याच्या बैलाले लावतेत तशी झापडं होत लेका ते. बैलाले वाटते, तो कुठंतरी जाऊन राहिला."

आणि तुझ्या त्या गच्चीवर अजून कोण कोण येतं? दार आहे का तिला, कुलूप आहे का? कोणीही येऊन तुझ्या शेजारी उभं राहणार आणि त्याचं तोंडही तुला दिसणार नाही. ती पिवळ्या कुर्त्यातली तूच कशावरून? आतला आवाज कंपनीवाले ऐकत नसतील कशावरून?

या प्रश्नांची उत्तरं दे. हेडसेटचा विषय माझ्याकडून संपला.

नितेश

·

अकोला,
९ फेब्रुवारी

गोपाल,

लेका, हिवरखेडात बसून हसू नको आन् हे पत्र वहिनीले दाखवू नको. मी ते झापडं घेतलं.

मामानं नवीन फोन घ्याले पैसे देले होते, गिऱ्हाईकाचे फोन यावे म्हणून. मी फोन नाही आणला, हे आणलं. मामा आठ दिवस माह्याशी बोलला नाही, काही काम सांगाचं असलं का फक्त पाना फेके. आन् मजा पाय, कॉम्प्युटर लागत नाही, तार लागत नाही म्हणून ज्याचं कौतुक, त्यानं पहिल्यांदा चालू केल्याबरोबर लिहून दाखवलं, आपला फोन आणा. शेवटी मामा जेवाले बसल्यावर मामाच्याच फोनवर खातं उघडलं. दुकानावर ऑनलाइन फॉर्म भरून देणारा पोरगा बसते, त्याचं वायफाय घेतलं. त्याच्या बदल्यात त्याच्या पंख्याची जळालेली मोटर भरून देली.

आता मेन गोष्ट. मी प्राजक्ताले सांगितलं नाही. तिले मी लिहिलं की घेणार नाही. कारण मले पाहाचं आहे, मी नसतो तवा ती तिथं कोणाशी बोलते. म्हणून मी गच्चीवर दुसरा माणूस होऊन गेलो. नाव 'चिन्मय', राहणार पुणे, चेक्सचा शर्ट. सर्दी झाल्यावानी नाकातून बोललो. 'मले-तुले' नाही, 'मला, तुला, हो ना, का बरं.' एक शब्द चुकला नाही. तो सर असता तं मले पास केलं असतं त्यानं.

ती होती तिथं, पिवळ्या कुर्त्यात. गोपाल, पाय नव्हते तिले, तोंडही बाहुलीचं, पण बोलताना मान हलवते ना ती, तीच मान होती. पियुष आला नाही. पण ती चिन्मयशी घडाघडा बोलली बे! ओळख ना पाळख. हे चांगलं झालं का वाईट, मले समजून नाही राहिलं.

कपाळावर पट्ट्याची लाल रेघ उठते. गिऱ्हाईक विचारतेत, "काय भाऊ, टोपी घट्ट होते काय?"

तुझा,
नितेश

·

हिवरखेड,
१४ फेब्रुवारी

नित्या,

शेतात हरभरा सोंगून राहिलो म्हणून उशीर.

तू आधीच आंधळा, त्यात झापडं बांधले. पोरगी पुण्याच्या पोराशी बोलली म्हणून तुले राग आला आन् तो पुण्याचा पोरगा तूच. आता तू कोणाले मारशील? स्वतःच्या तोंडात मारून घे आन् मोकळा हो. सांगून टाक तिले. असं सोंग जास्त दिवस टिकत नाही. नाकातून किती दिवस बोलशील? नाक बसन.

एक विचारतो. जमुना म्हणते तिले ताजमहाल पाहाचा आहे. त्या झापडांत ताजमहाल दिसते म्हणतेत. रेल्वेपेक्षा स्वस्त पडन काय? घेण्यासारखं आहे का ते? खरं सांग, दुकानदारावानी नको सांगू.

गोपाल

·

अमरावती,
२२ फेब्रुवारी

नितेश,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला उशीर झाला, परीक्षेचे फॉर्म चालू होते.

गच्चीला दार नाही. नाशिकच्या दोघी बहिणी येतात, लातूरचा एकजण येतो, तो फक्त पतंग उडवतो. कंपनी ऐकते की नाही मला माहीत नाही. म्हणून मी तिथे बँकेचं काही बोलत नाही आणि बाबांचं नाव घेत नाही. तू हेडसेट घेतलास तर तूही त्यांचं नाव घेऊ नकोस.

हल्ली पुण्याचा एक चिन्मय येतो. नाकात बोलतो, पण माणूस बरा वाटतो. परवा मी अर्धा तास एकटीच बडबडत होते आणि तो ऐकत होता. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

तू खरंच घेतला नाहीस ना हेडसेट? सहज विचारते. तुझ्या मामाच्या दुकानासमोरून आमची माया आत्या गेली होती. म्हणाली, नितेशच्या कपाळावर काहीतरी लागलंय.

प्राजक्ता

·

अकोला,
२७ फेब्रुवारी

प्राजक्ता,

कपाळावर पंख्याचं पातं लागलं. मोटरीच्या दुकानात लागतंच काहीतरी. आत्याला सांग, काळजीचं कारण नाही.

हा चिन्मय कोण? इतकं गोड बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. अर्धा तास कोणी फुकट ऐकत नाही. त्याचं काहीतरी काम असेल. तू त्याला काय सांगत होतीस? आणि त्याला सांगतेस ते मले काहून नाही लिहीत? मी इकडं पोस्टमन येते का म्हणून रस्त्याकडं पाहतो आन् तू तिकडं एका बिनपायाच्या माणसापुढं मन मोकळं करून राहिली!

त्याच्याशी बोलू नकोस. म्हणजे, बोल. पण जपून.

नितेश

·

अमरावती,
४ मार्च

नितेश,

"बोलू नकोस. म्हणजे, बोल." हे वाचून मी बराच वेळ हसत होते. तुझ्या एका वाक्यात दोन मतं मी आजवर कधी पाहिली नव्हती.

चिन्मयला काय सांगते? तुला लिहिता येत नाही ते. तो मधेच तोडत नाही. काही पटलं नाही की थोडा थांबतो, "असं का वाटतं तुला?" म्हणून विचारतो आणि खरंच उत्तराची वाट बघतो. तुला पत्रात काही लिहायचं म्हटलं की मी पहिली ओळ लिहिते, मग डोळ्यांसमोर तू दुसऱ्या ओळीला पेटलेला दिसतोस, मग कागद फाडते. इथे टोपलीत अशी बरीच पत्रं गेली.

त्याच्यावर विश्वास ठेवू नको म्हणतोस. बरोबर आहे. मी कोणावरच पूर्ण ठेवत नाही. तुझ्यावरही.

प्राजक्ता

·

अकोला,
१० मार्च

प्राजक्ता,

तुझं पत्र वाचलं. भांडत नाही.

सहज एक विचारायचं होतं. या महिन्याच्या २३ तारखेला, रविवारी, तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे काय? कोणी पाहुणे वगैरे? असंच विचारतो. मामासाठी अमरावतीहून तांब्याची तार आणायची आहे, त्या निमित्तानं येईन म्हणतो. तुमच्याकडे गर्दी असेल तर येणार नाही.

घरी सगळे बरे असतील. काकांची तब्येत कशी आहे?

नितेश

·

अमरावती,
१३ मार्च

नितेश,

कार्यक्रम कसला? आमच्याकडे काही नाही. बाबांची तब्येत छान आहे. आजवर तू ती कधी विचारली नव्हतीस.

२३ तारीखच काहून?

प्राजक्ता

·

अकोला,
१६ मार्च

प्राजक्ता,

आता मले रहावत नाही. खोटं बोलून राहिली तू!

२३ तारखेले चांदूर बाजारचे पाहुणे तुले पाहाले येऊन राहिले. मुलगा बँकेत आहे. ८ तारखेले संध्याकाळी गच्चीवर, कठड्याजवळ उभी राहून तूच बोलली, की बाबांनी हो म्हटलं आहे आन् तुले नाही म्हणाचं आहे, पण कोणासाठी नाही म्हणू ते बाबाले सांगता येत नाही, कारण 'तो' कधी समोर येतच नाही. मी ऐकलं. माह्या दोन्ही कानांनी ऐकलं, डावीकडून, तू डावीकडं उभी होती म्हणून.

हो, मी होतो तो चिन्मय. घेतलं मी ते झापडं, जानेवारीतच, मामाच्या फोनच्या पैशात. पंख्याचं पातं नाही लागलं, त्या पट्ट्याची रेघ होती. तुले तपासाले आलो होतो. तपासाले आलो आन् मीच फसलो. सात महिने झाले मी तुले भेटलो नाही, आन् त्या चेक्सच्या शर्टात तू मले रोज भेटे. मले त्या पुणेकराचा इतका राग येई का बस! त्याले तू सांगते, मले नाही सांगत. दुकानात वाइंडिंग करताना हातातली तार तुटे.

पण एक सांग. एका अनोळखी माणसाले तू तुह्या लग्नाची गोष्ट सांगते आन् मले लिहिते, कार्यक्रम कसला. मी खोटा, मान्य. तू कोण?

आता हे पत्र वाचून तू माह्याशी बोलणार नाही, माहीत आहे मले. म्हणून टाकाच्या आधी रात्रभर खिशात ठेवलं. राग उतरला. पत्र तरी टाकून राहिलो.

नितेश

·

अमरावती,
१९ मार्च

नितेश,

तुझं पत्र आज आलं आणि मी लगेच लिहायला बसले, कारण रविवार जवळ आहे.

अनोळखी माणसाला मी काहीच सांगितलं नाही. तू पहिल्या संध्याकाळी आलास, चेक्सचा शर्ट, नाकातून "नमस्कार, मी चिन्मय, पुणे." छान बोललास. नाशिकच्या दोघी तर तुझ्यावर खूश झाल्या. मग माझी बॅटरी संपत आली आणि मी म्हटलं, निघते. आणि पुण्याचा चिन्मय म्हणाला, "काहून? मी आत्ताच तर आलो!"

नितेश, पुण्याचा माणूस 'का गं' म्हणेल, 'का बरं' म्हणेल. 'काहून' म्हणायला माणूस आपल्याकडे जन्मावा लागतो. मी हेडसेट काढून मांडीवर ठेवला आणि ओढणी तोंडात धरून हसले. तुला माझी बाहुली मान टाकून उभी दिसली असेल. तुला वाटलं असेल बॅटरी गेली.

मग मला राग आला, फार आला. तू मला तपासायला आला होतास. त्या रात्री तुला चार पानं लिहिली आणि फाडली. ज्या बोलीपायी तू कॉलेज टाकलंस, ती बोली तू मला फसवायला टाकलीस, आणि ज्या बोलीनं तुझं हसं केलं तीच अंगावर घालून आलास! दुसऱ्या दिवशी ठरवलं होतं सगळ्यांसमोर तुझं नाव घ्यायचं. पण तू विचारलंस, "आज दिवस कसा गेला?" आणि माझं उत्तर संपेपर्यंत गप्प राहिलास. तू! मग मी नाव घेतलं नाही. तेव्हापासून मीही खोटीच आहे. हे मला मान्य करायला लागतंय.

चिन्मयला मी एक गोष्ट सांगितली होती. आता तुझं नाव घेऊन सांगते. तू चिडतोस तेव्हा मला तुझी भीती वाटत नाही. तू काय टाकशील याची वाटते. कॉलेज टाकलंस, फोन टाकलास. एक दिवस असंच रागात मला टाकशील, आणि मग दोन दिवसांनी पत्र लिहिशील की राग उतरला.

पाहुणे खरे आहेत. मुलगा बँकेत आहे, तेही खरं. पत्रात "कार्यक्रम नाही" लिहिलं, कारण मला बघायचं होतं तू चिन्मय बनून गप्प बसतोस की नितेश बनून येतोस. उलट मीच तुला तपासलं. फिट्टंफाट.

रविवारी दुपारी पाहुणे येतील. तू सकाळी ये. बाबांसमोर ये. झापडं आणू नकोस. शुद्ध बोलू नकोस. नाही आलास तर मी चांदूर बाजारला हो म्हणणार आहे, असं समजू नकोस. कोणालाच हो म्हणणार नाही. पण तुझी वाटही बघणार नाही.

प्राजक्ता

·

अकोला,
२५ मार्च

गोपाल,

तू विचारलं होतं, झापडं घेण्यासारखं आहे का. आता मी सांगू शकतो.

जमुना वहिनीले ताजमहाल पाहाचा असन तं रेल्वेनं ने. तिथं उन्हात उभं राहावं लागन, चपला काढाव्या लागतील, भाव करून फोटो काढावा लागन, आन् येताना भांडण होईन. ते पाहिजे. झापडांत ताजमहाल दिसते, पण वहिनी दिसणार नाही, कारण त्यात एकावेळी एकच माणूस मावते. मार्चातच घाम काचेवर जमून राहिला, मे महिन्यात तं डोळ्यांवर कुकर बांधल्यासारखं होईन. गेम एकदोनच बरे. बाकी सारे पैसे मागतेत.

पण मामाले विचारशील तं तो म्हणन, सोन्यासारखी वस्तू आहे. त्याचे गुडघे गेले, अकोल्याबाहेर तो आता जात नाही. मी रागानं ते झापडं कोनाड्यात टाकलं होतं, त्यानं मागच्या आठवड्यात गुपचूप काढून बांधलं. आत समुद्र लागला. मामानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. खुर्चीवर बसून वरडला, "नित्या, पाय भिजून राहिले रे माहे!" आता रोज जेवण झालं का समुद्रावर जाते आन् आल्यावर धोतराचा सोगा झटकते. त्याच्यासाठी घेण्यासारखं आहे. माह्यासाठी नव्हतं.

आता रविवारचं ऐक.

सकाळच्या गाडीनं गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता, चेक्सचा नाही. दार उघडंच होतं, अंगणात सडा, सोफ्यावर नवीन चादरी. प्राजक्ताचे बाबा खुशालराव पुढं आले न् हात जोडून म्हणाले, "या या पाहुणे! लवकर आले? चांदूर बाजारहून गाडी बरी मिळाली ना?" मी तोंड उघडलं तं त्यायनं हात धरून सोफ्यावर बसवलं. "बाकीची मंडळी मागून येऊन राहिली ना? बसा, बसा." आतून कोणीतरी पोह्याची बशी आणून हातात देली. वर खोबरं, शेजारी लिंबू. गोपाल, मी रात्रीपासून जेवलो नव्हतो. मी पोहे खाल्ले.

खाता खाता ध्यानात आलं का मी पुन्हा दुसराच माणूस होऊन बसलो. काही न बोलता बसलो असतो तं अजून चहाही आला असता. आतल्या दाराच्या पडद्याखाली मले पाय दिसले. प्राजक्ताचे. खरे पाय, पैंजण घातलेले, आन् ते हलून नव्हते राहिले. ती ऐकून राहिली होती.

मी बशी खाली ठेवली. "काका, मी चांदूर बाजारचा नाही. मी नितेश, हिवरखेडचा. अकोल्याले मामाच्या दुकानात मोटरी वाइंडिंग करतो. बँकेत नाही. कॉलेज अर्ध्यात सोडलं. मी प्राजक्तासाठी आलो."

खुशालराव माह्याकडं पाहत राहिले, मंग रिकाम्या बशीकडं. म्हणाले,

"मंग पोहे काहून खाल्ले?"

पडद्यामागं कोणीतरी फिस्सकन हसलं. मी म्हणालो, "भूक लागली होती."

मले वाटलं आता चप्पल येते. ते म्हणाले, "खरे पाहुणे येतीन दुपारी आन् पोहे तं तू संपवले. जा, कोपऱ्यावरच्या दुकानातून पोहे आन् दूध घेऊन ये." मी आणलं. पाहुणे आले तवा मी मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ बसून होतो. प्राजक्तानं त्यायच्यासमोरच नाही म्हटलं, नीट, आवाज न चढवता. ते लोक चांगले होते, चहा पिऊन गेले. बँकेतल्या पोराचा चेहरा पाहून तं मलेच वाईट वाटलं.

मंग काकांनी मले आत बोलावलं. "कॉलेज काहून सोडलं?" मी सारं सांगितलं, सर, हसणं, जर्नल. मी बोलत असताना ते मधे बोलले नाही. शेवटी म्हणाले, "मी नोकरीले लागलो तवा ट्रेनिंगले पुण्याले गेलो होतो. 'मले चहा नको' म्हटलं तं सारं कँटीन हसलं. मी नोकरी नाही टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच कँटीनमधी जोरात म्हटलं, मले दोन चहा पाहिजे."

प्राजक्ता पडदा सरकवून बाहेर आली. पिवळा कुर्ता नव्हता, घरचा निळा होता. माह्याकडं पाहून हळूच म्हणाली, "चिन्मय नाही आला?" मी म्हणालो, "तो परत गेला." "त्याले म्हण, ऐकाची सवय इथंच ठेवून जाय." बस, एवढंच. काकाले काही समजलं नाही आन् त्यायनं विचारलंही नाही.

निघताना काका फाटकापर्यंत आले. म्हणाले, "जूनमधी कॉलेजात पुन्हा नाव टाक. त्याच सराले तोंडी परीक्षा दे, आपल्याच भाषेत दे. नाव टाकलं का मंग ये. पोहे करू."

मी विचारलं, "आन् नाही टाकलं तं?"

काकांनी फाटकाची कडी लावली.

"तं मंग पोहे काहून करू?"

तुझा,
नितेश